नगरच्या भोवती सात

"हा काही महाराष्ट्र नाही," मावशी म्हणाली आणि चष्मा काढून बाजूला ठेवला. विषय तिथंच संपला, तिचा चहाही झाला होता. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, कारण स्क्रीनवर जे होतं ते महाराष्ट्रच होतं. ३६ च्या ३६ जिल्हे होते, कोण कुणाला खेटून आहे ते सगळं बरोबर होतं, आणि तो हिशेब तर तिनेच सांगितलेला. मावशीने संगमनेरला आयुष्यभर भूगोल शिकवला. फळ्यावर राज्याची हद्द ती न बघता काढायची, खडू न उचलता, तळकोकणातून निघून थेट गडचिरोलीला वळसा घालून परत. अशा बाईने म्हणावं की हा महाराष्ट्र नाही, तर त्यात काहीतरी असणार.

झालं होतं असं, की मला बरेच दिवस एक काम करून बघायचं होतं. मॅथेमॅटिका नावाच्या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या वुल्फ्राम लँग्वेजमध्ये, जिल्ह्यांचा ग्राफ काढायचा. ग्राफ म्हणजे एक्स-वायचा आलेख नव्हे, बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. प्रत्येक जिल्हा एक बिंदू, आणि दोन जिल्ह्यांची हद्द एकमेकांना लागून असेल तर त्यांच्यात एक रेघ. तयार यादी कुठूनतरी उचलता आली असती, पण मावशी घरी आलेली, म्हटलं तूच सांग. आणि ती सांगायला लागली ते घाटांवरून, गावांवरून. "ठाणे-नाशिक, कसारा. ठाणे-पुणे, माळशेज. रायगड-सातारा, आंबेनळी. रत्नागिरी-कोल्हापूर, आंबा घाट. नगर-संभाजीनगर कसं, तर शेवगाव-पैठण. नगर-बीड, जामखेड-आष्टी." मी टाइप करत होते. अवतरणचिन्हात एक नाव, मग एस्केप, यू, ई, परत एस्केप, की मध्ये ती दोन टोकांची छोटी रेघ उमटते, मग दुसरं नाव, स्वल्पविराम. बोटांना त्याची लय सापडली की छान वाटतं. तिचा आवाज, एस्केप, यू, ई, एस्केप, तिचा आवाज. नंदुरबारला आलो तेव्हा ती थांबली. "नंदुरबारला आपल्यातला एकच शेजारी, धुळे. बाकी सगळं गुजरात नि मध्य प्रदेश." मुंबई शहरालाही एकच, उपनगर. सिंधुदुर्गाला दोन, रत्नागिरी आणि कोल्हापूर. आणि तिच्या नगरला सात. तो आकडा तिने जरा ताठ बसून सांगितला. कागदोपत्री अहिल्यानगर झालं तरी तिच्या तोंडात नगरच, आणि तिच्याशी बोलता बोलता माझ्याही.

मग शिफ्ट-एंटर दाबलं आणि ते चित्र आलं.

ग्राफ कसा मांडायचा हे तुम्ही सांगितलं नाही तर मॅथेमॅटिका स्वतः ठरवते, आणि बऱ्याचदा तिची पद्धत अशी असते की प्रत्येक रेघ म्हणजे एक स्प्रिंग समजायची आणि प्रत्येक बिंदूवर सारखाच विद्युतभार आहे असं धरायचं. स्प्रिंगा जवळ ओढतात, भार लांब ढकलतात, आणि सगळं हलत-डुलत जिथे शांत होईल ते चित्र. त्यात दिशा नसते. उत्तर वर, दक्षिण खाली, पश्चिमेला समुद्र, हे त्या ग्राफला कुणी सांगितलेलंच नाही. नंदुरबार एका टोकाला लोंबत होतं, मुंबई शहर दुसऱ्या टोकाला, विदर्भ खाली डावीकडे. पण मावशीला नुसती उलटापालट खुपली असं मला वाटत नाही, नकाशा आडवा-उभा कसाही धरला तरी तिला तो कळतो. तिचं बोट ज्या जागेवर थांबलं होतं तिथे मराठवाड्यातल्या दोन रेघा एकमेकींवरून गेल्या होत्या. जमिनीवर असं होत नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या मध्यभागी उभं राहा आणि शेजारच्या जिल्ह्याच्या मध्यभागी चालत जा, पण फक्त तुमच्या दोघांच्या सामाईक हद्दीवरून, तिसऱ्याच्या रानात पाय न टाकता. सगळ्यांनी असंच केलं तर कुणाची वाट कुणाच्या वाटेला छेदायची गरजच पडत नाही. नकाशातून निघालेल्या ग्राफचा हा मूळ स्वभाव आहे, याला प्लेनर ग्राफ म्हणतात, कागदावर एकही छेद न देता मांडता येणारा. माझ्या चित्रात शेजार सगळे बरोबर होते पण हा स्वभाव दिसत नव्हता. मावशीला त्याचं नाव माहीत नव्हतं, तिला तो दिसला नाही एवढं मात्र लगेच कळलं.

रेघेवर रेघ जाणं हे वरवर नुसतं दिसण्याचं वाटतं, पण ज्याच्या अंगावर त्याचं ओझं पडलं त्याला ते वेगळं कळतं. पॉल तुरान नावाचा हंगेरियन गणितज्ञ १९४४ साली बुडापेस्टजवळ सक्तमजुरीच्या छावणीत होता, ज्यू म्हणून. काम होतं विटा वाहायचं. भट्ट्यांपासून साठवणीच्या जागांपर्यंत रूळ टाकलेले, प्रत्येक भट्टीतून प्रत्येक जागेकडे एक. विटांनी भरलेली गाडी सरळ रुळावर बरी चालायची, पण जिथे रूळ रुळाला छेदायचा तिथे ती उसळायची, विटा खाली पडायच्या, परत भरा. आणि त्या अवस्थेत त्या माणसाच्या मनात आलं की हे छेद कमीत कमी किती करता येतील? कितीही भट्ट्या आणि कितीही जागा असल्या तरी चालेल असं या प्रश्नाचं पूर्ण सिद्ध झालेलं उत्तर अजून कुणाकडे नाही. मी स्क्रीनवर माउसने बिंदू इकडून तिकडे ओढते तेव्हा बऱ्याचदा तो आठवतो.

तर मावशी दुपारी पडली आणि मी परत लॅपटॉप घेऊन बसले. आधी नुसतं विचारलं, प्लेनरग्राफक्यू, म्हणजे हा ग्राफ छेदांशिवाय मांडता येतो का. एंटर दाबल्याबरोबर ट्रू. हे उत्तर इतक्या झटकन येतं की त्यामागे काय आहे ते जाणवतही नाही. १९३० साली कुरातोव्स्कीने दाखवलं की ग्राफ प्लेनर नसण्याची मुळात दोनच कारणं असतात. एकतर त्यात पाच जण असे दडलेले असतात की प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडणी, नाहीतर तीन विरुद्ध तीन, इकडच्या प्रत्येकाची तिकडच्या प्रत्येकाशी. बाकी ग्राफ कितीही मोठा असो, गुंता या दोनपैकी एकाचाच. आणि १९७४ मध्ये हॉपक्रॉफ्ट आणि टार्जन यांनी अशी पद्धत दिली की बिंदूंच्या संख्येच्या प्रमाणातच वेळ लागतो, त्याहून जास्त नाही. दुसरी एक गोष्ट मला त्याहून जास्त आवडते. नकाशावरच्या वाटा वाकड्यातिकड्या, पण फारीने १९४८ मध्ये सिद्ध केलं की ग्राफ प्लेनर असेल तर त्याच्या सगळ्या रेघा सरळ, पट्टीने मारलेल्या ठेवूनसुद्धा एकही छेद न येता तो मांडता येतो. फक्त बिंदू योग्य जागी ठेवले पाहिजेत. म्हणजे वाकडेपणा वाटांमध्ये नसतोच, आपण उभं कुठे राहतो त्यात असतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता, मी वहीत एकेक ग्राफ काढून बघत बसायचे.

मग ग्राफलेआउटला प्लेनर एम्बेडिंग दिलं, म्हणजे मांडणी छेदांशिवायच कर असं सांगितलं. आणि खरं सांगते, जे आलं ते बघून वाईट वाटलं. एकही छेद नाही, सगळ्या रेघा सरळ, गणिताने जे वचन दिलं ते तंतोतंत पाळलेलं, आणि तरी चित्र बघवेना. बाहेर एक मोठा त्रिकोण, आत लांबच लांब सुयांसारखे त्रिकोण, अर्धे जिल्हे एका कोपऱ्यात इतके दाटलेले की नावावर नाव. छेद नसणं म्हणजे दिसणं नव्हे. मग टटची पद्धत आठवली. विल्यम टट, महायुद्धात ब्लेचली पार्क या ब्रिटिश केंद्रात जर्मनांची लोरेन्झ ही गुप्तलिपी उलगडणाऱ्यांपैकी एक, त्याने १९६३ मध्ये ग्राफ मांडायची एक फार देखणी रीत सांगितली. बाहेरचे बिंदू खिळ्यांसारखे पक्के करा, आणि आतला प्रत्येक बिंदू आपल्या शेजाऱ्यांच्या बरोबर मध्यावर, सरासरीवर येऊ द्या. ग्राफ पुरेसा घट्ट विणलेला असेल तर छेद आपोआप नाहीसे होतात. घट्ट म्हणजे कुठलेही दोन बिंदू काढले तरी उरलेला ग्राफ सलग राहायला हवा. आपल्या जिल्ह्यांचं तसं नाही. मुंबई शहराला एकच शेजारी, मग त्याची सरासरी म्हणजे तोच शेजारी. शहर उपनगरावर जाऊन बसणार, दोघांचा एकच ठिपका. नंदुरबार धुळ्यावर. सिंधुदुर्गाला दोन शेजारी, तर खिळा न ठोकल्यास ते त्या दोघांच्या बरोबर मधे, म्हणजे रत्नागिरी-कोल्हापूरच्या रेघेवरच आडवं पडणार. कागदावर हे मांडताना मला सिंधुदुर्गाबद्दल उगाचच हळहळ वाटली. दोनच शेजारी असणाऱ्याला या पद्धतीत स्वतःची अशी जागाच नाही.

शेवटी हाताने केलं. व्हर्टेक्सकोऑर्डिनेट्समध्ये प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश घातले आणि जिथे रेघ दुसरीच्या अंगावर येतेय असं वाटलं तिथे बिंदू जरासा सरकवला. मग सजावट, आणि ही सजावट मला कधी दुय्यम वाटलेली नाही. एजस्टाइलला फिकट करडा रंग, कारण रेघा गडद राहिल्या तर डोळा रेघांवरच अडखळतो आणि बिंदू मागे पडतात. नावं आधी वर्तुळाच्या आत टाकून बघितली. बीड बसतं, पुणे बसतं, छत्रपती संभाजीनगर कुठल्याच वर्तुळात बसत नाही, आणि एकासाठी सगळी वर्तुळं फुगवली तर कोकण मोडतं. मग नावं वर्तुळाखाली, आणि मोठी नावं दोन ओळींत. व्हर्टेक्ससाइज कमी केली. उपनगर आणि शहर एकमेकांना चिकटले होते, त्यांना थोडं समुद्रात ढकललं. असं करत करत ते चित्र श्वास घ्यायला लागलं, आणि तेव्हा मला पहिल्यांदा नगरभोवतीचं चाक दिसलं.

नाशिक, संभाजीनगर, बीड, धाराशिव, सोलापूर, पुणे, ठाणे. नगरचे सात शेजारी, आणि ते नुसते सात नाहीत, त्यांनी हात धरलेत. नाशिकला संभाजीनगर लागून, संभाजीनगरला बीड, बीडला धाराशिव, धाराशिवला सोलापूर, सोलापूरला पुणे, पुण्याला ठाणे, आणि ठाण्याला परत नाशिक. पूर्ण कडं, मधे नगर, सात आरे. मी नेबरहूडग्राफ वापरून तेवढाच तुकडा बाहेर काढला आणि आठ बिंदूंच्या व्हीलग्राफशी, म्हणजे तयार चाकाशी, ताडून बघितला, आयसोमॉर्फिकग्राफक्यू, म्हणजे दोन्हींची जोडणी हुबेहूब एक आहे का. ट्रू. पहिल्या गुंत्यातही हे सगळं होतंच, कॉम्प्युटरला तेव्हा विचारलं असतं तर तेव्हाही त्याने हेच सांगितलं असतं. पण विचारायचं सुचलं असतं का? चित्र नीट मांडल्यावरच प्रश्न दिसला. मला मावशीच्या त्या वाक्याचा अर्थ तिथे लागला असं वाटतं.

मावशी उठली तेव्हा तिला दाखवलं. ती काही वेळ बोललीच नाही, नुसतं बोट फिरवत राहिली कड्यावरून. मग म्हणाली, "रंग दे की." शाळेच्या नकाशावहीसारखे फिके रंग, गुलाबी, पिवळा, पोपटी, निळसर, आणि शेजारी-शेजारी रंग एक येता कामा नये. व्हर्टेक्सस्टाइल घेऊन एकेक भरायला लागलो. नगर निळसर. नाशिक गुलाबी, संभाजीनगर पिवळा, बीड गुलाबी, धाराशिव पिवळा, सोलापूर गुलाबी, पुणे पिवळा. ठाण्याला आलो. पुण्याशी लागून म्हणून पिवळा नाही, नाशिकशी लागून म्हणून गुलाबी नाही, नगरशी लागून म्हणून निळसर नाही. "पोपटी दे मग," मावशी म्हणाली. "सुरुवात कुठूनही केलीस तरी कुणीतरी अडकणारच." तिला ते बघताक्षणी कळलं होतं. कडं सातांचं, सात विषम, दोन रंग आलटून पालटून लावत गेलं तर शेवटचा कधीच जुळत नाही, आणि मधलं नगर तिसरा रंग खाऊन बसलेलं. तिला दाखवायला मी क्रोमॅटिक पॉलिनोमियल काढलं, म्हणजे अमुक इतके रंग दिले तर हे चाक किती तऱ्हांनी रंगवता येईल. तीन रंगांना उत्तर ०. चार रंगांना ५०४.

मग पुण्याचं बघ म्हणाली. पुण्याला पाच शेजारी, ठाणे, रायगड, सातारा, सोलापूर, नगर, आणि त्यांचंही कडं पूर्ण जुळतं. पाच, परत विषम. एकाला एक लागून अशी दोन चाकं महाराष्ट्रात आहेत आणि दोघांनाही चौथा रंग हवाच.

चारपेक्षा जास्त मात्र कुठल्याच नकाशाला कधी लागत नाहीत. हा प्रश्न १८५२ साली फ्रान्सिस गथ्री नावाच्या तरुणाला इंग्लंडच्या कौंट्यांचा नकाशा रंगवताना पडला, म्हणजे जवळजवळ आम्ही दोघी जे करत होतो तेच करताना. १८७९ मध्ये केंपने सिद्धता दिली, ती अकरा वर्षं सगळ्यांनी खरी मानली, मग १८९० मध्ये हीवुडने त्यातली फट दाखवली. शेवटी १९७६ मध्ये अपेल आणि हाकेन यांनी ते सिद्ध केलं, कॉम्प्युटर हजारावर तास चालवून. ते दोघं अर्बानाच्या इलिनॉय विद्यापीठात होते. अर्बानाला लागूनच शॅम्पेन, आणि मॅथेमॅटिका जिथे तयार होते त्या वुल्फ्रामचं मुख्य ऑफिस शॅम्पेनमध्येच. तेव्हा कॉम्प्युटरने केलेली सिद्धता ही सिद्धता म्हणायची का यावर गणितज्ञ हिरीरीने भांडले. मला त्यांचं भांडण समजतं. ट्रू आलं की काम झालं असं मलाही वाटत नाही. ठाण्यापाशी तीनही रंग अडले ते डोळ्याने बघितलं तेव्हा कुठे पटलं.

आणखी एक गोष्ट त्या चित्रात होती ती रात्री लक्षात आली. चाकात सात त्रिकोण आहेत. प्रत्येक त्रिकोण म्हणजे तीन जिल्हे एकमेकांचे शेजारी, म्हणजे जमिनीवर कुठेतरी तिघांचा तिठा असणार. नगर, पुणे, ठाणे हा त्रिकोण घ्या. तो हरिश्चंद्रगडाचा परिसर आहे! गड नगरच्या अकोले तालुक्यात, खिरेश्वरहून टोलारखिंडीने चढलं तर पायथा पुणे जिल्ह्यातला, आणि कोकणकड्यावर पालथं पडून खाली बघितलं तर दिसतं ते बेलपाडा ठाणे जिल्ह्यातलं. कॉलेजात असताना त्या कड्यावर पडून राहिले होते, वारा खालून वर तोंडावर येत होता, दगड दुपारभर तापलेला आणि पोटाला ऊब लागत होती. तेव्हा आपण एका त्रिकोणात आहोत असं काही मनात येण्याचं कारण नव्हतं. ग्राफमध्ये नगर जिल्हा एवढा १७ हजार चौरस किलोमीटरचा, तो आक्रसून ठिपका होतो, आणि गडाजवळचा तो एवढासा तिठा पसरून अख्खा त्रिकोण होतो. मॅथेमॅटिकात याची उलट चाल पण आहे, ड्युअलप्लेनरग्राफ, त्यात प्रत्येक त्रिकोणाचा बिंदू होतो आणि हद्दींच्या रेघा परत येतात, नकाशासारख्या. पण माझा जीव त्या मधल्या अवस्थेत अडकलाय, जिथे मोठं लहान झालंय आणि लहान मोठं.

१९६० मध्ये राज्य झालं तेव्हा २६ जिल्हे होते. नंतर जालना निघाला, सिंधुदुर्ग, लातूर, गडचिरोली, उपनगर, वाशीम, नंदुरबार, हिंगोली, गोंदिया, आणि २०१४ मध्ये पालघर. एवढं सगळं होऊन नगरच्या चाकाला धक्का लागला नाही. संभाजीनगरातून जालना गेला तो पूर्वेचा, धाराशिवातून लातूर गेलं तेही पलीकडचं, ठाण्यातून पालघर गेलं ते उत्तरेचं. नगरला लागून असलेली बाजू प्रत्येक वेळी जुन्याच जिल्ह्याकडे राहिली. आता नगरच्या विभाजनाची मागणी किती जुनी आहे ते मावशीला विचारा, ती तासभर बोलेल. मी नुसतं करून बघितलं, नगरचा बिंदू काढून टाकला आणि दोन घातले, उत्तर आणि दक्षिण. अकोल्यापासून नेवाशापर्यंतचे तालुके उत्तरेला, शेवगाव-पाथर्डी-पारनेरपासून खाली जामखेडपर्यंतचे दक्षिणेला. दक्षिण नगरला सहा शेजारी येतात, सहा सम, त्याचं तीन रंगांत भागतं. पुण्यालाही आता सहा होतात, तेही सुटतं. उत्तर नगरला मात्र नाशिक, संभाजीनगर, दक्षिण नगर, पुणे, ठाणे. पाच. चौथा रंग काही जात नाही.

मावशीला फोनवर सांगितलं तर तिने आधी हेच विचारलं की राहुरी कुठल्या बाजूला धरलीस. म्हटलं, मावशी, राहुरी कुठेही धरली तरी ग्राफ तोच राहतो, राहुरीला जिल्ह्याबाहेरचा शेजारीच नाही, चहूबाजूंनी नगरचेच तालुके. ती जरा थांबली, मनात नकाशा फिरवत असणार. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, नेवासा, नगर, पारनेर, असं पुटपुटत तिने एक फेरी पूर्ण केली. "हो गं, खरंच की," म्हणाली. "बरं, मग १४ ही तालुक्यांचा वेगळा काढ. मी सांगते, तू लिहून घे. अकोल्यापासून सुरू कर."